गाळणीची सुट्टी

मी गाळणी बोलतेय, आणि आज जरा तोऱ्यातच बोलणार आहे.

स्टीलची तार विणून, कडेला पट्टी ठोकून कारखान्यात माझा जन्म झाला. आमच्या बाईंनी दुकानात मला उजेडाकडे धरून पाहिलं आणि म्हणाल्या, "हिच्यातून कणसुद्धा जायचा नाही." तेव्हापासून तीच माझी ख्याती. गर्व होता मला, खोटं कशाला बोलू?

बाईंचे यजमान बंदरावर क्रेन चालवत. देह असा भक्कम की शेजारी त्यांना 'पहाड' म्हणत. उंच काचेच्या केबिनमध्ये बसून अख्खा कंटेनर ते अलगद खाली ठेवत, अंडं ठेवावं तसा. पण एक दिवस घरी आले ते तोंड पाडूनच. केबिनमधला सुरक्षापट्टा शंभर किलोंपर्यंतचाच, आणि पहाड भरले एकशे आठ! साहेबांनी सांगितलं, सहा महिन्यांत शंभरच्या खाली या, नाहीतर कायमचं खाली टेबलावर बसा.

"मी काय कागदांवर शिक्के मारत बसू?" म्हणाले, आणि भरल्या ताटावरून उठले.

बाईंनी कंबर कसली. "उद्यापासून बाटलीतली थंड पेयं बंद. घरचा ताजा रस, बिनसाखरेचा!" झालं, माझे दिवस पालटले. रोज सकाळी सहा संत्री पिळायची आणि मी गाळायची. भला मोठा ग्लास, चोथ्याचं नाव नाही. "साखर नाही ना, मग प्या हो हवा तेवढा," म्हणून संध्याकाळी द्राक्षांचा आणखी एक. मी नुसती फुशारले. या माणसाला परत वर चढवणार ती मीच, अशी माझी खात्री!

महिन्याने वजन केलं. एकशे दहा!

"काटा बिघडलाय मेला," बाई म्हणाल्या. लेक मात्र ओट्यावरच्या सालींच्या ढिगाकडे बघत होती.

"बाबा, सहा संत्री सोलून देते. बसून खा."

"त्यात काय!" पहाड बसले. पहिलं संपलं. दुसरं अर्ध्यावर आलं आणि हात थांबला. "पुरे गं, पोट भरलं."

"मग रोज सहांचा रस कसा जातो घशाखाली? चोथा सगळा गाळणीच्या पोटात, गोडवा सगळा तुमच्या!"

अगं बाई! मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. ज्याला अडवलं म्हणून मी मिरवत होते, त्यानेच तर पोट भरतं.

लेकीने मला धुतलं आणि खिडकीजवळच्या खिळ्याला अडकवलं. आता एक संत्रं, बिया काढून. अर्धी काकडी, पुदिन्याची चार पानं, लिंबू, चिमूटभर मीठ आणि भरपूर थंड पाणी. सगळं मिक्सरमध्ये फिरवायचं, गाळायचं नाही, आणि दिवसाला एकच ग्लास.

"हे गढूळ पाणी कोण पिणार?" पहाड कुरकुरले. चौथ्या दिवशी स्वतःच मागायला लागले. ताटातलं थोडं कमी झालं, लिफ्ट सोडून जिने सुरू झाले. मी मात्र खिळ्यावर रुसून बसले होते. पण दर महिन्याला काटा खाली येई आणि माझा रुसवाही थोडा उतरे.

मुदतीच्या शेवटच्या दिवशी पहाड डोळे मिटून काट्यावर उभे राहिले.

"अहो, उघडा की डोळे!"

नव्याण्णव! बाई हसता हसता रडायला लागल्या आणि लेकीने बापाला मिठी मारली.

दुसऱ्या दिवशी सकाळी बाई खिडकीत उभ्या होत्या. लांबवर बंदरातल्या क्रेनचा हात डावीकडे वळला, उजवीकडे वळला, पुन्हा डावीकडे वळला. घरी सांगून ठेवलेली खूण! "चढले गं, चढले!" बाई ओरडल्या आणि हाताला लागेल ते उचलून खिडकीतून हलवायला लागल्या. हाताला लागले होते मी.

काय ऊन चमकलं माझ्या जाळीवर! जन्मभर गाळून जे मिळालं नाही, ते न गाळता मिळालं.

आता माझ्यात पुदिना धुतात, चहालाही बोलावतात. तुमच्या घरीही माझी एखादी बहीण असेल. रस कराल तेव्हा तेवढी तिला सुट्टी द्या. रुसली, तर माझं नाव सांगा.