सुनेच्या पोटातली लॉग फाइल

हे कुणाला खरं वाटणार नाही, तेव्हा आधीच तसं कबूल करून टाका, म्हणजे मधेमधे माना हलवायचा त्रास नको. एका बाईनं दोन लोखंडी राक्षसिणींची मारामारी सोडवली, एका साहेबाचे दात कीबोर्डात रोवले, आणि कशासाठी, तर एक फाइल वाचायला मिळावी म्हणून. साक्षीदार होता, तिचा सख्खा धाकटा भाऊ. पण तो बदलून पार दुसऱ्या टोकाच्या गोदामात गेला. आता त्याला कुठं शोधत बसणार? तेव्हा चहा घ्या आणि गप ऐका.

गोदाम होतं तेलाच्या पिंपांचं. चार मजली उंच मांडण्या, आत माणसाचं काम नाही. वरच्या रुळांवरून दोन लोखंडी हात फिरायचे आणि पिंपं उचलायचे, ठेवायचे. त्यांना हुकूम यायचा क्लाउडमधून. क्लाउड म्हणजे नक्की कुठून, हे कुणालाच ठाऊक नव्हतं. साहेबालाही नव्हतं, पण साहेब असल्यामुळं त्याला विचारायची सोय नव्हती. कामगारांनी एका हाताचं नाव ठेवलं होतं सासू आणि दुसऱ्याचं सून. सून एखादं पिंप कुठं ठेवी, की सासू येऊन ते तिथून उचली. सुनेनं ठेवलेली वस्तू सासूला कधी जागेवर बरी दिसली आहे?

या दोघींचं आणि क्लाउडचं बिनसलं की बोलावणं यायचं ताईला. ती सख्खी ताई फक्त धाकट्याची, पण तो तिला सगळ्यांसमोर ताई म्हणायचा, म्हणून ती सगळ्यांचीच ताई झाली. काचेच्या खोलीत बसायची, समोर कॉम्प्युटरचा पडदा, आणि दिवसभर यंत्रांनी लिहून ठेवलेल्या नोंदी चाळायची. कुठलं यंत्र कधी काय बोललं, काय केलं, कशावर अडलं, ते सगळं लॉग फायलींत असतं. फायली ढिगानं, खरी कुठली हे कळणं हीच विद्या. तिचा नियम होता, "ज्याच्या हातानं काम झालं, त्याच्या पोटात आधी बघा. हुकूम देणाऱ्याला काय, तो पाठवलं म्हणून मोकळा होतो."

साहेबाचा नियम याहून सोपा होता: बंद करून चालू करा. त्याला पोटदुखी झाली असती तर त्यानं स्वतःचंही बटण शोधलं असतं. त्याला सगळे रीस्टार्ट साहेब म्हणत.

त्या दुपारी धाकटा आत गेला. तो मिस्त्री. माणूस उभा राहील एवढा जाळीचा पिंजरा असायचा, त्यात उभं राहून रुळाला वंगण द्यायचं. पिंजरा एका रिकाम्या खणात ठेवला की ताई इकडून त्या खणाला सॉफ्टवेअरमधलं कुलूप लावायची, म्हणजे दोघी तिकडं फिरकायच्या नाहीत. तिनं कुलूप लावलं. पडद्यावर हिरवी खूण आली. ताईनं चष्मा पुसला.

तेवढ्यात वायरलेसवर धाकटा बोलला. "ताई, सासूनं मला उचललंय."

"कामाच्या वेळी गंमत करू नकोस."

"मी नाही करत. तिला सांग."

ताईनं काचेतून बघितलं. सासूचा पंजा पिंजऱ्याच्या चारी कोपऱ्यांना घट्ट, आणि पिंजरा चौथ्या मजल्याकडं निघालेला. धाकटा जाळी धरून आत उभा. वर नेऊन सासूनं तो एका खणापाशी नुसता धरून ठेवला. मग डावीकडून सून आली, पंज्यात भरलेलं पिंप घेऊन. तिला त्याच खणात पिंप ठेवायचं होतं. खण रिकामा नाही हे तिला कळेना. तिनं पिंप पिंजऱ्यावर आदळलं.

आवाज असा झाला की काचेच्या खोलीतल्या पाण्याचा पेला टेबलावरून चालत कडेपर्यंत गेला. सून मागं सरली आणि पुन्हा आली, या वेळी जास्त जोरानं. पिंप फुटलं. तेल धाकट्याच्या अंगावरून खाली ओघळलं. सुनेनं फुटकं पिंप फेकलं, दुसरं उचललं आणि तिसऱ्यांदा हाणलं.

"बंद करा सगळं," म्हणत साहेब भिंतीवरच्या लाल बटणाकडं धावला.

ताईनं त्याची कॉलर मागून धरली. "बंद केलं की सासूचा पंजाही उघडतो. तो चौथ्या मजल्यावर आहे, साहेब."

"मग काय करू?"

"खुर्चीवर बसा आणि हात मांडीखाली घ्या."

आता काम एकच. सुनेला जो हुकूम मिळालाय, त्याचा नंबर शोधायचा आणि तेवढाच रद्द करायचा. सासूनं धरलेलं सोडता कामा नये, सुनेनं मारणं थांबवलं पाहिजे. ताईनं मुख्य पडदा बघितला: सर्व काही सुरळीत. क्लाउडची फाइल उघडली: हुकूम पाठवला, पोचला. तिकडं सुनेनं चौथ्यांदा आदळलं आणि वायरलेसवर धाकटा कण्हला. त्याच्या कपाळातून रक्त येतंय हे इथून दिसत होतं. जाळीची एक बाजू आत वाकून त्याच्या खांद्याला टेकली होती.

आणि इथं ताई चुकली. एरवी कधी न चुकणारी, पण भाऊ वर लटकत असताना एरवीचं काय घेऊन बसता. यंत्रांच्या फायलींवर तारीख नसे, नुसत्या तासाचं नाव असे, आणि आजची फाइल आली की त्याच तासाची कालची पुसली जाई. ताईनं भिंतीवरच्या घड्याळात बघितलं आणि त्या तासाची दोघींची मिळून असलेली फाइल उघडली. पण यंत्रांचं घड्याळ वेगळं. ती सगळी क्लाउडच्या वेळेनं चालतात, आपल्याकडं दुपार झाली तरी त्यांच्याकडं अजून सकाळ असते. म्हणजे त्या नावाची आजची फाइल अजून जन्मलीच नव्हती. उघडली ती कालची. त्यातला शेवटचा हुकूम तिनं रद्द केला, आणि तो निघाला सासूचा. झालेलं काम रद्द केलं की हे सॉफ्टवेअर ते उलटं करतं. सासूनं काल काहीतरी पकडलं होतं, म्हणून आज तिनं पंज्याची तीन बोटं उघडली.

चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ते हे. पिंजरा एका कोपऱ्यावर लटकला. धाकटा आतल्या आत आपटून दारावर पालथा पडला. दाराची कडी वाकली.

(दारात कोण उभंय? आत या नाहीतर बाहेर जा. वारा येतोय.)

"आता मी रीस्टार्ट करतोय," साहेब म्हणाला आणि त्यानं ताईला ढकलून कीबोर्डावर हात टाकला. "सुनेचा प्रोग्राम मारून नवा उठवतो. एवढाच, एकटीचा."

"नवा उठला की त्याला मागच्या जन्मीचं काही आठवत नाही. नोंदी जळतील. क्लाउड तोच हुकूम पुन्हा देईल, आणि मला नंबर कधीच सापडणार नाही."

"मी साहेब आहे."

ताईनं कीबोर्ड उचलला आणि साहेबाच्या तोंडावर हाणला. साहेबानं तिचे केस धरले. तिनं गुडघा घातला. साहेब टेबलावरून पलीकडं गेला तो कपाट घेऊन, आणि कपाटाखालून तिच्या घोट्याला धरून ओढू लागला. तिनं दुसऱ्या पायानं त्याच्या मनगटावर नाच केला. साहेबाचे पुढचे दोन दात कीबोर्डात राहिले. पुढं सहा महिने त्या कीबोर्डावर काम करणाऱ्याला स्पेस द्यायचं तर आधी दात दाबावा लागे.

तेवढ्यात सुनेच्या हातून सुटलेलं पिंप काच फोडून खोलीत आलं, मुख्य पडद्याचा चुरा केला आणि साहेबावरच्या कपाटावर जाऊन बसलं. आता साहेब कुठं जाणार नव्हता. पण पडदाही गेला.

काचांवर रक्ताळलेले तळहात टेकून ताई क्षणभर बसली. मग तिला आठवलं: काखेत कळसा, गावाला वळसा. सुनेच्या नोंदी क्लाउडमध्ये शोधतेय कशाला? सून स्वतःच स्वतःपाशी लिहिते. तिचा कंट्रोलचा डबा आतल्या खांबावर आहे, त्याला टिचभर पडदा आहे. फक्त तो खांब मारामारीच्या बरोबर खाली आहे.

ताई खुर्ची डोक्यावर उलटी धरून आत शिरली. वरून तेल, झाकणं, पत्र्याचे तुकडे. एका पिंपानं खुर्चीचे पाय नेले. दुसरं तिच्या खांद्याला चाटून गेलं आणि तिचा डावा हात लुळा पडला. तेलावरून ती घसरत गेली, खांबाला जाऊन धडकली, खालचा ओठ फाटला. उजव्या हातानं तिनं डब्याचं दार उपटलं.

पडद्यावर ओळी धो धो पळत होत्या. जागा रिकामी नाही, पुन्हा प्रयत्न, जोर वाढवला. जागा रिकामी नाही, पुन्हा प्रयत्न, जोर वाढवला. गेल्या आठवड्यात पिंपं खणात अडकत होती म्हणून जोर वाढवायचं साहेबानंच प्रोग्रामात घातलं होतं. नंबर मात्र या ओळींत नव्हता. नंबर असतो पहिल्या ओळीत, जिथं हुकूम आत आला तिथं. आणि सुनेचं पोट लहान. फाइल भरली की ती वरच्या ओळी फाडून टाकते. प्रत्येक तडाख्यागणिक पहिली ओळ मरणाजवळ जात होती.

"ताई," वायरलेसवर धाकटा म्हणाला, "कोपरा सुटतोय."

"बोलू नकोस. मोजून श्वास घे."

या वेळी ताईनं भिंतीकडं बघितलं नाही. यंत्राच्या सकाळची फाइल उघडली आणि तळाकडं न बघता थेट माथ्याला गेली. खालच्या ओळी केकाटतात, वरची सांगते. तिथं होतं: हुकूम आला, कुलूप मिळालं नाही, नंबर अमुक. म्हणजे तिनं लावलेलं कुलूप क्लाउडनं लिहून घेतलं होतं, दोघींना सांगितलंच नव्हतं. तिनं नंबर वाचला आणि तेवढ्यात ती ओळ फाटून गेली. तुटक्या नखांनी तिनं तो टाइप केला. रद्द.

सून हात उगारलेली तशीच थांबली, पिंप धाकट्याच्या डोक्यापासून वीतभर लांब. सासूचं राहिलेलं एक बोट कुरकुरलं. ताईनं शेजारच्या, सासूच्या डब्यावरून तिला हातानं, इंच इंच, खाली आणलं. पिंजरा जमिनीला लागला, दार पडलं, आणि तेलानं आणि रक्तानं माखलेला धाकटा रांगत बाहेर आला. एक कान अर्धा लोंबत होता, तीन फासळ्या मोडलेल्या.

आणि ताई? वाघीणच ती. डोळ्यांत टिपूस नाही. ओठाचं रक्त बाहीला पुसलं, भावाकडं एकदा बघितलं आणि म्हणाली, "जा, तोंड धू आधी." वळून चालू लागली. अशी बाई, की...

"खोटं," दारातला माणूस म्हणाला.

सगळे वळले. त्यानं डोक्यावरची टोपी काढून हातात घेतली. दोन्ही कान जागच्या जागी होते. कपाळावर मात्र एक जुना व्रण होता, केसांत शिरलेला.

"दात घ्या, आजोबा. कान घ्या, फासळ्या घ्या, साहेबावर कपाटसुद्धा ठेवा, माझी ना नाही," तो म्हणाला. "पण पिंजऱ्यात मी होतो. तिथंच तेलात बसून ताई रडली होती, आणि माझी बाही सोडायला तयार नव्हती."