गाळलेली ओळ

शिवराज गेल्यावर दुसऱ्या वर्षी आई योगीराज पास्टरांच्या प्रार्थनेला जाऊ लागली. पास्टर पूर्वी ट्रॅक्टर दुरुस्तीचं काम करायचे. अणदूरच्या बाहेर त्यांची पत्र्याची एक खोली होती. रविवारी तिथं पंधरा-वीस बायका जमत. आम्ही लिंगायत. आईच्या गळ्यातलं लिंग तसंच राहिलं, सकाळची विभूती राहिली आणि रविवारही राहिला. सिद्धेश्वर काका, माझे चुलते, एवढंच म्हणाले, "वहिनी, मन रमतंय तर जावा. पर लई पुढं जाऊ नका."

मग आईच्या पोटात गाठ निघाली. सोलापूरच्या डॉक्टरांनी चार-सहा महिने सांगितले. तेव्हा तिनं पुढं जायचं ठरवलं. बाप्तिस्मा घ्यायचा. पण त्याआधी तिला माझ्याकडून एक गोष्ट समजून घ्यायची होती. मी धाराशिवला कॉलेजात इतिहास शिकवते, त्यामुळं छापलेलं सगळं मला कळतं असा तिचा समज होता.

"ते एक वचन हाय बघ," ती म्हणाली. "विश्वास ठेव, म्हंजी तुजं तारण हुईल, तुजं आन तुज्या घराण्याचं. तर घराण्यात कोण कोण येतं?"

ती कुणाबद्दल विचारते आहे ते मला लगेच कळलं. शिवराज माझा धाकटा भाऊ. सव्विसाव्या वर्षी त्यानं स्वतःचा जीव घेतला. पोलीस आले, पंचनामा झाला, गावातल्या शेंबड्या पोरालाही खरं ठाऊक होतं. तरीही आम्ही ‘छातीत कळ आली’ असंच म्हणत आलो. आम्ही दोघीच असतानाही आई तेच म्हणायची.

मी पास्टरांनी दिलेलं पुस्तक काढलं आणि तिला त्या वचनाची गोष्ट सांगू लागले. येशूचा प्रचार करणारा पौल आणि त्याचा सोबती तुरुंगात होते. भूकंप झाला आणि तुरुंगाची सगळी दारं उघडली.

भूकंप म्हटल्यावर आई उशीवरून वर सरकली. तिचं माहेर लोहाऱ्याकडचं. त्र्याण्णवला तिचे दोन भाऊ दगडमातीच्या भिंतींखाली गेले होते.

"आन कैदी?"

"एकही पळाला नाही. मग जेलर थरथरत आत आला, त्यांच्या पाया पडला आणि म्हणाला, माझं तारण कसं होईल? त्यावर त्यांनी हे उत्तर दिलं."

आई बोटांवर मोजू लागली. "दारं उघडली, कुणी मेलं न्हाय, कुणी पळालं न्हाय. मग ह्यो गडी थरथरत कशाला आला?"

"घाबरला होता."

"भूकंप तर सरला हुता की."

मधल्या दोन ओळी मी गाळल्या होत्या. कैदी पळाले असं समजून जेलर तलवार उपसतो, स्वतःला मारायला निघतो. तेव्हा पौल आतल्या अंधारातून मोठ्यानं ओरडतो: स्वतःला काही करून घेऊ नकोस, आम्ही सगळे इथंच आहोत. माझं बोट त्या ओळींवर होतं. मी ते खाली सरकवलं.

"सांग की," आई म्हणाली. "घराण्यात कोण?"

"त्या वेळी जे घरात होते ते. ज्यांनी ऐकलं ते."

"म्हंजी जिवंत हुते ते."

"हो."

"बरं," ती म्हणाली आणि भिंतीकडं तोंड करून झोपली.

खोटा दिलासा देणं मला कमीपणाचं वाटलं होतं. ओळी गाळताना मात्र तसं काही वाटलं नव्हतं.

रविवारी तिला बाप्तिस्म्यासाठी धरणाच्या पाण्याकडं न्यायला जीप आली. पांढरं लुगडं घडी मोडून खाटेवर ठेवलेलं होतं. आई जुन्याच लुगड्यात बसून होती.

"पास्टर, म्या येत न्हाय."

"का हो, आई? त्रास होतोय का?"

"न्हाय. पर म्या एकली तरून कुणाच्या दारात जाऊन बसू? तुमच्या देवाला सांगा, म्हातारीचं तिकीट रद्द करा."

जीपमधल्या बायका हसल्या. पास्टर हसले नाहीत. मी त्यांना पोचवायला फाटकापर्यंत गेले, तेव्हा म्हणाले, "ताई, त्यांनी मलाबी विचारलं हुतं. म्या म्हणलं, देव दयाळू हाय, त्याच्यावर सोडा. तुम्ही काय सांगितलं?"

मी सांगितलं. मग विचारलं, "तलवारीच्या ओळी तुम्ही तिला कधी वाचून दाखवल्यात का?"

त्यांनी हातातली किल्ली उलटसुलट केली. "तुमच्या घरात? कुठल्या तोंडानं वाचू, ताई?"

पुढचे दहा-बारा दिवस आई कमी बोलली, जेवली त्याहून कमी. एका दुपारी मी पुन्हा पुस्तक घेऊन बसले आणि म्हणाले, "त्या दिवशी मी थोडं गाळलं होतं." मग त्या दोन ओळी वाचल्या. तिनं त्या परत वाचायला लावल्या.

"म्हंजी त्यो मरायलाच निगाला हुता."

"हो."

"आन ह्यांनी आंधारातून हाक मारली."

"हो."

"शिवराजच्या टायमाला घरात कोण हुतं?"

"तू होतीस. मी आले होते सुट्टीला."

"आपून च्या पीत बसलो हुतो," आई म्हणाली.

इतक्या वर्षांत आम्ही दोघी त्या दिवसाबद्दल पहिल्यांदा बोलत होतो. ती रडली नाही. म्हणाली, "मला त्याच्याशेजारी ठेवा." त्यानंतरच्या मंगळवारी ती गेली.

आमच्यात पुरतात, पण निजवून नाही. बसवून. शिवराजलाही शेतात बांधालगत तसंच बसवलं होतं. त्याच्याशेजारी खड्डा खणून झाला तेव्हा काकांनी मला बाजूला घेतलं.

"पोरी, पास्टर आलाय. त्यांच्यात निजवून ठेवत्यात म्हणं. वहिनी तिकडं चालल्या हुत्या. तू बोल, कसं करायचं?"

"बसवा, काका."

पास्टर बांधाच्या पलीकडं दोन बायकांसोबत उभे होते. मी त्यांच्याकडं गेले. ते हळूच म्हणाले, "आई आमच्यात यायला तयार हुत्या, ताई."

"होती. माझ्या बोलण्यामुळं राहिली."

"वचन म्हणू का? तेवढंच?"

"म्हणा. पण वरपासून म्हणा. काही गाळू नका."

आमच्या जंगम स्वामींचे मंत्र झाले. आईच्या तळहातावर लिंग ठेवलं, भोवती विभूती आणि मीठ भरलं. काकांनी पास्टरांना हातानं जवळ बोलावलं. त्यांनी भूकंपापासून वाचायला सुरुवात केली. माणसं टोप्या हातात घेऊन ऐकत होती. तलवारीशी आल्यावर पास्टर थांबले आणि माझ्याकडं बघितलं. मी मान हलवली. शिवराजच्या समाधीपासून चार हातांवर उभे राहून त्यांनी ते वाचलं, पौल ओरडला होता तसं मोठ्यानं नाही, पण सगळ्यांना ऐकू जाईल असं.

मला तेव्हा वाटलं, आई ज्या वचनाच्या मागं लागली होती ते नंतरचं होतं. जेलरनं तारणाचा प्रश्न विचारला तेव्हा त्याचा जीव वाचलेला होता. जे व्हायचं ते आधीच्या ओळीत झालं होतं, एका हाकेनं, आणि ती हाक कुठल्याही माणसाला मारता आली असती.

कुणी कुणाकडं बघेना. माझ्या चुलतीनं, दैवशाला काकूंनी, पदर तोंडात धरला. काकांनी समाधीकडं एकदा पाहिलं, घसा खाकरला, खोरं उचललं आणि म्हणाले, "वडा रं माती."