मेव्हणीचं रिंगण

सांगतो, पण तुमचा विश्वास बसणार नाही. माझ्या सख्ख्या बायकोचा बसलेला नाही, आणि ती तर या मेव्हणीची थोरली बहीण. ती बघा मेव्हणी, पत्र्याखाली, झाडं कापायचं मशिन उघडून बसली आहे. कानांवर ते जाड मफ चढवले की तिला ढगांचा गडगडाटसुद्धा ऐकू येत नाही, म्हणूनच इथं बसून सांगायची सोय. तोंडावर कौतुक केलेलं तिला खपत नाही.

तर तुफान. झाडं तोडणारा गडी. घरच्यांनी नाव वेगळं ठेवलं असेल, पण हा गल्लीत शिरला की दोरीवरचे कपडे आपोआप घड्या होऊन घरात जायचे. त्या सकाळी तो आला तो रडकुंडीला येऊन. बायकोला कळा सुरू झालेल्या, गाडी दारात उभी, आणि वादळात पडलेलं झाड वाटेवर आडवं. झाड म्हणजे कसं? खोडाच्या अलीकडे ऊन आणि पलीकडे पाऊस. चढून ओलांडायचं तर मध्ये मुक्काम करावा लागला असता. आणि ते कापायचं मशिन नेमकं आमच्या मेव्हणीकडे दुरुस्तीला.

दुरुस्ती तशी झाली होती. दोरी ओढली की इंजिन लगेच बोलत होतं. तुफाननं हात पुढं केला, तर मेव्हणीनं मशिन मागं घेतलं.

"ताई, सुरू होतंय ना? मग द्या की."

"सुरू होतंय ते मला माहीत आहे. थांबतंय का, ते बघायचंय."

त्यानं हात जोडले, बायकोचं नाव घेतलं, जन्माला न आलेल्या लेकराची शपथ घातली. तिच्या जागी मी असतो तर विरघळून नाल्यातून वाहून गेलो असतो. ती एवढंच म्हणाली, की त्या लेकराला बापही लागेल. आणि कामाला लागली. मानेवर घाम मात्र आला होता, तो मी पाहिला. बाई दगडाची नाही.

इंजिन बंद ठेवून, ब्रेक सोडून तिनं मशिन ओंडक्यावर आडवं धरलं आणि पुढचं टोक खाली पडू दिलं. कापताना मशिन उसळून तोंडावर आलं, तर त्या हिसक्यानंच दात्यांच्या चेनला ब्रेक लागायला हवा. त्याचीच ही परीक्षा. टोक आपटलं. खट् असा आवाज यायला हवा होता. आला नाही. पुन्हा आपटलं. पुन्हा नाही. तेव्हा तुफाननंही जोडलेले हात खाली केले.

तिनं झाकण उघडलं. ब्रेकच्या पट्ट्याभोवती तेलात भिजलेला भुसा घट्ट बसला होता. इतका जुना, की त्यात एक चिमणी बिऱ्हाड करून होती. ती आम्हाला चार शब्द सुनावून उडून गेली. मेव्हणीनं सगळं खरवडलं, पुसलं, झाकण लावलं. ओंडक्यावर टोक पडलं. खट्.

पण एवढ्यावर सोडेल ती मेव्हणी कसली. अंगणात ते चुन्याचं रिंगण दिसतंय ना? मशिन चालवून बघायचं ते त्याच्या आतच. आत ती आणि मशिन, बाकी सगळं बाहेर, मांजरसुद्धा. तुफानला तिनं फाटकापर्यंत मागं सरकवलं. चष्मा, हातमोजे, ती जाड विजार, सगळं चढवलं. मशिन जमिनीवर टेकवून, ब्रेक लावून, मागच्या मुठीत पाय रोवून दोरी ओढली. मग उचललं, ब्रेक सोडला. इंजिन गुरगुरतंय, चेन मात्र गप्प. ठीक. मग तिनं पुठ्ठ्यावर टोक रोखून रेस दिली. चेननं तेलाची अशी सरळ रेघ उडवली, की शेजारचा सुतार अजून ती मोजपट्टी म्हणून उसनी नेतो. आणि भरधाव चेन असताना तिनं दोन्ही मुठी न सोडता मनगटानं पुढची ढाल, म्हणजे ब्रेकचाच दांडा, ढकलली. चेन जागच्या जागी थांबली. आता तो सगळा वेग जाणार कुठं? जमिनीत उतरला आणि अंगणच पाव वळण फिरलं. आमचं फाटक आधी पूर्वेला होतं. आता बघा कुठं आहे.

तुफान मशिन घेऊन पळाला. अर्धं खोड कापून झालं आणि पाल्याआडच्या फांदीला टोक लागलं. मशिन उसळलं ते थेट तोंडावर. खट्. चेननं मिशीचा एक केस कापला आणि दुसऱ्यापाशी येऊन उभी राहिली. त्यानं उरलेलं खोड कापलं, गाडी निघाली, आणि दुपारच्या आत मुलगी झाली. बाप शाबूत, मिशी एका केसानं कमी.

काय म्हणता? मी ती परीक्षा एवढी बारीक कुठून पाहिली? कुठून म्हणजे, तिच्या शेजारून. रिंगणात. तो पुठ्ठा कोण धरणार होतं? मीच धरला.

मेव्हणीचा एक मफ कानावरून खाली आलेला मला दिसायला जरा उशीरच झाला.

"भाऊजी," ती पाना पुसत म्हणाली, "चिमणी चालेल, फाटकही चालेल. पण तुम्ही रिंगणात होता हे खोटं. तुम्ही आत असता, तर मी दोरीच ओढली नसती."