सिनेमाचा राहिलेला शेवट

उकंडरावांना सिनेमाचा भारी कंटाळा. त्यातून इंग्रजी, त्यातून काळापांढरा! पण रुक्मिणीबाईंनी जन्मात पहिल्यांदा काही मागितलं होतं. म्हणून मुलानं, शेखरनं, मोबाइलवर शोधून तो टीव्हीला लावून दिला आणि दुकानावर निघून गेला. मलकापुरातल्या त्या भाजून काढणाऱ्या दुपारी कूलरसमोर नवराबायको दोघंच बसले.

लहानपणी बाई इथल्याच सिस्टरांच्या शाळेत होत्या. नाताळच्या आधी दरवर्षी हॉलमध्ये पांढरी चादर ताणून हाच सिनेमा दाखवत. एक फादर, एक सिस्टर आणि त्यांची मोडकळीला आलेली शाळा. पण अंधार पडायच्या आत वडील न्यायला यायचे, आणि शेवट काही पाहायला मिळायचा नाही.

"एवढी वर्सं जीव अडकला माह्या त्या सिस्टरमंदी," बाई म्हणाल्या.

उकंडरावांनी नुसतं हं केलं. त्यांचा जीव कुठं अडकला होता ते त्यांनाच ठाऊक.

होळीच्या सुमाराला डॉक्टरांनी त्यांना बाजूला घेऊन सांगितलं होतं. बाईंच्या पोटात गाठ आहे, पसरली आहे, आता हातात काही नाही. उकंडरावांनी तिथल्या तिथे फर्मान काढलं की बाईंना कोणी चकार शब्द सांगायचा नाही. आपल्याकडची रीतच ही! जिचं मरण तिला सोडून साऱ्या गल्लीला माहीत. बाईंना सांगितलं, पित्त आहे. मग त्यांना जपायचं म्हणून एकेक काम हातातून काढून घेतलं. आधी स्वयंपाक, मग दळण-निवडण, आणि यंदा कुरड्यासुद्धा.

बाईंच्या कुरड्यांची सारी गल्ली उन्हाळाभर वाट पाहायची. यंदा त्या गहू भिजू घालायला निघाल्या, तर उकंडराव वस्सकन अंगावर गेले, "काई गरज नाई! योगिनी इकत आणीन!" योगिनी म्हणजे शेखरची बायको. ती बिचारी सासूच्या नजरेला नजर देत नव्हती. माणूस मायेपायी किती दुष्टपणा करतो पाहा. ओरडले नसते तर उकंडराव तिथंच रडले असते, पण हे बाईंना कोण सांगणार?

टीव्हीवर चित्रं हलत होती आणि बाई नवऱ्याला समजावून सांगत होत्या.

"आता पाहा. सिस्टरले छातीचा रोग हाय. डॉक्टरनं फादरले सांगतलं, तिले नाई. अन् हा शहाना तिच्या हातची शाळा काढून घेते, तिले दूर धाडते. तिले वाटते, आपल्याच हातून काई पाप झालं."

उकंडराव रिमोट शोधू लागले. "बंद कर ते. डोळे दुखतीन तुहे."

"एवढा शेवट पाहू द्या हो."

सिस्टर पेटी घेऊन फाटकापर्यंत गेली. तेव्हा कुठं फादरनं तिला हाक मारली आणि खरं काय ते सांगितलं.

"सांगतलं बाई त्यानं!" रुक्मिणीबाई पदरात तोंड घालून हमसून हमसून रडू लागल्या. "तिले सांगनारं कोनी भेटलं तरी. मले तं इचाराचंही भेव वाटते. माह्यं काय चुकलं हो? मांगच्या साली कुरड्या बिघडल्या व्हत्या का? योगिनी तोंड चुकवते, तुमी अंगावर येता. एवढी काऊन नकोशी झाली मी?"

उकंडरावांनी बायकोचा हात हातात घेतला आणि अडखळत, थांबत, सगळं सांगून टाकलं. गाठ, डॉक्टर, पित्ताची थाप, सगळं.

बाईंनी डोळे पुसले आणि, देवाशप्पथ, त्या हसल्या.

"मंजे माह्या कुरड्या बिघडल्या नोत्या तं?"

"नाई वं," उकंडराव पोरासारखे हुंदके देत म्हणाले. "कधीच नाई."

"मंग रडता कायले? गहू भिजू घाला. योगिनीले कुरड्याईचा चीक हाटता येत नाई अजून. मले शिकवा लागन तिले."

उकंडराव डोळे पुसत स्वयंपाकघरात गेले. गव्हाचा डबा कोणता, सूप कुठं टांगलेलं असतं, त्यांना काहीएक ठाऊक नव्हतं. ते तसेच मधोमध उभे राहिले, आणि बाहेरून बाई एकेक वस्तू कुठं आहे ते सांगत राहिल्या.