एका नावाच्या तीन छात्या

आमच्या ट्रेलरच्या घरात एव्हारिस्तो लुकास नावाचे तिघं होते: माझा भाऊ माकारिओ, चुलतभाऊ सेलसो आणि आमच्याच गावचा उर्बानो. खरा एव्हारिस्तो कधीच ग्वाटेमालाला परत गेला. त्याच्या कामाच्या परवान्याच्या कार्डावर हे तिघं आळीपाळीने टोमॅटोच्या मळ्यावर राबत.

मळ्यावर दवाखान्याची गाडी आली तेव्हा तिघंही खोकत होते. तिघांनी तीन वेगवेगळ्या दिवशी थुंकीची बाटली दिली आणि नाव तेच सांगितलं. दवाखान्याला वाटलं, एकाच माणसाचे तीन नमुने.

सोमवारी नर्स ओडेट दारात आली. "एव्हारिस्तो कुठाय? एका बाटलीत क्षय निघालाय. औषध आजच सुरू करायला हवं. घरातल्या सगळ्यांना तपासायचंय."

माझी आठ महिन्यांची लेक फिदेलिया कडेवर होती. तरी मी म्हणाले, "इथं कुणी एव्हारिस्तो राहत नाही, बाई."

फ्लोरिडाच्या नव्या कायद्याने इस्पितळात विचारतात, देशात कायदेशीर आहात का? उत्तर नाही दिलं तरी चालतं म्हणे. डोंबलाचं चालतं! शेजारच्या तेओफिलाने त्या प्रश्नाच्या धाकाने पोटदुखी अंगावर काढली, आणि अपेंडिक्स फुटून ती मेली.

नर्स गेल्यावर तिघं पडद्यामागून बाहेर आले.

"मी नाही हं," सेलसो म्हणाला. "माझा खोकला फवारणीचा."

"सगळ्यांचाच फवारणीचा! मग क्षय काय बाटलीला झाला?"

"ताई, हळू बोल," माकारिओ म्हणाला. "एक सापडला की तिघांचं काम गेलं."

रोजच्यासारखे फिदेलियाला कुशीत निजवायला उर्बानोने हात पुढे केले. मी तिला मागे ओढलं. त्याचे डोळे भरून आले. मला माझीच लाज वाटली, पण भीती त्याहून मोठी होती.

पोरीला घेऊन मी अनवाणीच धावले. ट्रेलरांच्या शेजारच्या रांगेत ओडेट दारं ठोठावत होती. "बाई, मी खोटं बोलले. नाव एक आहे, छात्या तीन." तिघांची खरी नावं सांगितली. माझंही सांगितलं.

"पोलीस नाही, फक्त औषध," असं म्हणून ती माझ्यासोबत परत आली.

आत माकारिओ आणि सेलसो खाली मान घालून बसले होते. उर्बानोचे बूट नव्हते, चादर नव्हती, कार्डही नव्हतं. उत्तरेकडच्या मळ्यांवर जाणारी मुकादमाची व्हॅन नुकतीच सुटली होती.

"रात्री त्याच्याशेजारी कोण निजायचं?" ओडेटने विचारलं.

मी फिदेलियाकडे बोट दाखवलं. ओडेटने तिच्या छातीला नळी लावली आणि बराच वेळ काढलीच नाही.