न मागणाऱ्या घरातली परात

मी परात बोलतेय. पितळेची, रुंद, बुटक्या काठाची. मला घडवणाऱ्या तांबटाने बुडाशी एक ठोका जरा जास्तच मारला, म्हणून सपाट फरशीवरही मी थोडी डुगडुगते.

मला विकत घेतलं ते कुलपं दुरुस्त करणाऱ्या एका माणसाच्या बायकोने. त्याला सगळी गल्ली चावीकाका म्हणायची. पुढच्या खोलीत दुकान, मागे स्वयंपाकघर. काकू माझ्यात पीठ मळायच्या, तेव्हा भिंतीपलीकडून कानशीचा आवाज यायचा. घराचा एक नियम होता: कुणाकडे काही मागायचं नाही. साखर संपली की बिनसाखरेचा चहा. द्यायला मात्र हात कधी आखडता नाही. त्या घरात उसनं भांडं मी कधी पाहिलं नाही. मी मात्र अर्धी गल्ली फिरून आले.

काकू गेल्या. बापलेक बाहेरून डबा मागवू लागले आणि मी फळीवर काळवंडले. चावीकाका ख्रिस्ती मंडळीतले वडील होते, म्हणजे प्रार्थनाघराच्या कारभारात पाळकसाहेबांच्या बरोबरीचे. प्रभूने शिष्यांचे पाय धुतले, त्याच्या आठवणीचा विधी तिथे वर्षातून एकदा होई. काकांनी त्यासाठी मला देऊ केलं. कुणी मागितलं नव्हतं.

पुढे डोंगरापलीकडची काही कुटुंबं कामासाठी आली आणि आमच्या प्रार्थनाघरात बसू लागली. प्रभू तोच, चाली वेगळ्या. ते टाळ्या वाजवत गायचे, आमचे लोक घड्याळाकडे बघायचे. कुणी न सांगता बाकांची वाटणी झाली. त्यांच्यात एक आजी होत्या. त्यांची नात दवाखान्यात परिचारिका होती आणि काकांचा मुलगा त्याच दवाखान्याची रुग्णवाहिका चालवायचा. पुढचं सांगायला नको.

"आपल्यातल्या मुली संपल्या का?" काका कडाडले.

"त्याही आपल्यातल्याच ना, बाबा? दर रविवारी तुम्हीच सांगता."

काका महिनाभर धुमसले. मग म्हणाले, "जा. माझी परवानगी आहे." परवानगी सगळ्यांना दिसावी म्हणून त्यांनी ठरवलं, यंदा आजींचे पाय आपण धुवायचे.

"आजींना कल्पना देऊ या का?" पाळकसाहेबांनी विचारलं.

"छे! त्यांना सुखद धक्का बसू दे."

धक्का बसला. आजींना प्रार्थनेसाठी म्हणून पुढच्या खुर्चीत बसवलं. काकांनी मला खाली ठेवलं, गुडघे टेकले आणि त्यांचा पाय हातात घेतला. आजी किंचाळल्या, पाय ओढला, मी कलंडले आणि पाणी बाकांखाली धावलं. आजींची सगळी माणसं उठून बाहेर गेली.

दुसऱ्या दिवशी नात दुकानात आली. "काका, आमच्याकडे पाय धुतात ते मेलेल्या माणसाचे. पुरण्याआधी."

काका पांढरेफटक पडले. "मग आधी सांगायचं नाही?"

"तुम्ही विचारलंत का?" ती ओढणीचं टोक पिळत म्हणाली. "आजी म्हणते, या घरात मुलगी देणार नाही."

"अगं पण मी होकार दिलाय!"

"दिलात. नेहमी देताच. धान्य दिलंत, पांघरूण दिलंत. आमच्यात ज्याला आपलं मानतात, त्याच्याकडे काहीतरी मागतात. दोरी, मीठ, काहीही. तुम्ही आजीकडे घोटभर पाणीसुद्धा मागितलं नाहीत. तिला वाटतं, तुम्ही आम्हाला कायम उंबऱ्याबाहेर ठेवलंत."

ती गेल्यावर काका एकाच चावीवर कानस घासत राहिले. चावीचे दात गेले, तरी घासत होते. पाळकसाहेब येऊन शेजारी बसले. मग म्हणाले, "परक्या बाईकडे विहिरीवर प्रभूने पाणी मागितलं होतं. आपण पाय धुणं तेवढं लक्षात ठेवलं."

संध्याकाळी काकांनी मला घासूनपुसून लख्ख केलं.

"बाबा, पुन्हा देणंच?" मुलगा म्हणाला.

"मग काय, रिकाम्या हाताने जाऊ?"

आजींची खोली जिन्याखाली होती. दारात काकांनी मला छातीशी धरलं आणि घसा खाकरला. एकदा, मग पुन्हा.

"पाणी मिळेल?"

आजींनी पेला भरून दिला. काकांनी तो उभ्यानेच संपवला.

"तुमची नात आमच्या घरी द्या. मागतोय मी. माझं घर... तिच्यावाचून नाही चालायचं."

आजींनी त्यांच्याकडे निवांत पाहून घेतलं. "बसा. विचार करून सांगते."

"आजी!" नात आतून ओरडली.

"तू गप गं." मग त्यांनी माझ्याकडे बोट केलं. "ती परात मला द्या. माझ्याकडे पीठ मळायला धड भांडं नाही."

मला द्यायलाच आणलं होतं. तरी काकांचे हात सुटेनात. माझ्या काठावर काकूंचं नाव कोरलेलं आहे, त्यावर त्यांचा अंगठा फिरत होता. मग एकाएकी त्यांना उमगलं, की आजींनी मागितलं आहे. ते हसले, त्यांचे डोळे भरले, आणि मी त्या हातांतून या हातांत आले.

आता मी जिन्याखालच्या खोलीत असते. अंगावर पोचे आहेत, पीठ मळताना डुगडुगते. प्रार्थनाघरात अजूनही सूर जमत नाहीत. टाळ्या आहेत आणि घड्याळही आहे. विधीच्या दिवशी आजींचे पाय कुणी धूत नाही. त्या इतरांच्या पायांवर पाणी ओततात.

माझं एवढंच सांगणं: शेजारी वेगळा असेल तर त्याला जरूर द्या, पण एखाद्या दिवशी त्याच्या दारात जाऊन काही मागूनही बघा. जड जातं. मी जवळून पाहते ना, विधीसाठी मला न्यायला चावीकाकांना दर वर्षी इथे यावं लागतं, उंबऱ्यापाशी थांबून "विहीणबाई, परात देता का?" म्हणावं लागतं, आणि आजी लगेच देत नाहीत.