ठोकमास्तरांचा तळहात

"मास्तर, गाडीचं दार मी ठोकून बघतो. तुम्हाला आता ऐकू येत नाही," गॅरेजचा मालक त्यांच्या कानाशी येऊन ओरडला.

एवढं मात्र ऐकू आलं. मास्तरांच्या कपाळाला आठ्या पडल्या. चौतीस वर्षं दुसऱ्यांच्या गाड्यांना आतून ऊन आणि आवाज अडवणारे पट्टे लावून त्या गार आणि शांत करताना, पत्र्यांच्या ठणठणाटात त्यांचे स्वतःचे कान गेले होते. उघड्या पत्र्यावर बोटाचं पेर मारलं की 'टण्ण'. आतून काळा चिकट पट्टा नीट बसला की 'ठप्प'. ही ठोकाठोक त्यांची, म्हणून ते ठोकमास्तर.

आज गाडी खुद्द लेकीची होती. टॅक्सी चालवायला तिनं जुनीच घेतली होती. दुपारी आत भट्टी, चालताना नुसता खडखडाट. पहिल्याच आठवड्यात दोन गिऱ्हाइकं अर्ध्या वाटेत उतरून गेली होती.

"लेकीच्या गाडीला दुसऱ्याचा हात लागायचा नाही," मास्तर म्हणाले. मालकानं हात जोडले. मास्तर म्हणजे एक नंबरचे हट्टी.

त्यांनी छताला चंदेरी फोम लावला. दारांच्या आत पट्टे गरम करून रुळानं दाबले. मग एका हातानं पेर मारलं आणि दुसऱ्या हाताचा तळवा पत्र्यावर टेकवला. मागच्या डाव्या दाराशी तळव्याला बारीक थरथर लागली, तसे ते थांबले.

"चांगलं वाजतंय की!" मालक म्हणाला.

मास्तरांनी पट्टा सोलून काढला. खाली बोटभर हवा अडकली होती. मालकाचा चेहरा पाहण्यासारखा झाला.

संध्याकाळी लेक त्यांना शेजारी बसवून मोठ्या रस्त्याला लागली. बाजूनं ट्रक गेला, तरी आत शांत. घरी, रस्त्यावरच्या गोंगाटात, बापाशी तिला ओरडूनच बोलावं लागे; शेजाऱ्यांना वाटे, रोजचं भांडण. आता ती स्वतःशीच पुटपुटली, "हट्टी आहेत, पण असा कारागीर होणे नाही."

"हट्टी कोण गं?"

लेक दचकली. "ऐकलंत तुम्ही?" तिनं हळूच विचारलं.

"सगळं ऐकलं. पुढचं तेवढं पुन्हा म्हण."

मास्तरांचा ऊर अभिमानानं भरून आला होता. लेकीनं पुन्हा म्हटलं, तितक्याच हळू. मग घरचं वळण आलं, पण तिनं गाडी वळवली नाही. बोलत बोलत सरळ पुढे नेली.